ओळखीचं दुकान आणि न लिहिलेली मापं

वाचकाचं पत्र थोडक्यात : नव्या घरात राहायला जाणाऱ्या एका ताईंना पडदे शिवून घ्यायचे आहेत, जुन्या सोफ्याची बैठक नव्यानं भरून घ्यायची आहे, शिवाय गालिचा आणि चादरी-अभ्रे घ्यायचे आहेत. माहेरची मंडळी वर्षानुवर्षं एकाच जुन्या दुकानातून असं सामान घेत आली आहेत. दुकानाच्या मालकांना त्या ‘काका’ म्हणतात. आईचं म्हणणं, ‘दुसरीकडे कशाला जायचं?’ पण मागच्या वेळी तिथून शिवून घेतलेले सुती पडदे पहिल्याच धुण्यात चार बोटं वर गेले, बैठकीचा फोम वर्षभरात दबला, आणि काही महिन्यांनी त्याच कापडाचा आणखी एक पडदा शिवला तर रंग जुळेना. ऑनलाइन तसंच सामान स्वस्त दिसतं. ताई लिहितात, ‘काकांना तोंडावर प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आणि दुसरीकडून घेतलं तर आई दुखावेल. जुन्या दुकानाला धरून राहू, की सरळ नव्या ठिकाणी जाऊ?’

उत्तर :

ताई, तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. तरी एक गोष्ट तिन्हींत सारखी आहे. कापड धुतल्यावर किती आटेल, फोम किती घनतेचा आहे, कापड कोणत्या ताग्यातलं आहे, यातलं काहीच खरेदीच्या वेळी बोललं गेलं नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण दुकान घरचं. त्यांनी सांगितलं नाही, कारण गिऱ्हाईक घरचं. याच तीन गोष्टी न ठरवता तुम्ही उद्या मोठ्या शोरूममध्ये गेलात किंवा ऑनलाइन मागवलंत, तरी पडदे आखडतील आणि फोम दबेलच. म्हणून ‘जुनं दुकान की नवं’ हा प्रश्न मी थोडा मागे ठेवते. आधी काय घ्यायचं ते नेमकं ठरवू, मग कुठून घ्यायचं हे बरंचसं आपोआप ठरेल.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. एक म्हणजे, प्रश्न विचारला की अविश्वास दिसतो. कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘हे आटतं किती?’ हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही, उलट समोरच्याला कापडातलं कळतं एवढंच त्यातून त्याला समजतं. आणि पत्रावरून असं दिसतं की मागचे पडदे आखडले हे तुम्ही काकांना सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी तो व्यवहार चांगला झाला! सुती कापड आधी धुऊन घ्यायला सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी होती, यात शंका नाही. पण चूक कानावरच गेली नाही, तर ती सुधारायची संधीही त्यांना मिळाली नाही.

दुसरी गोष्ट स्वस्त-महागाची. तयार पडद्याची किंमत बहुतेकदा एका पट्टीची असते. समजा, तुमच्या पडद्याचा दांडा १९० सेंमीचा आहे. नीट चुण्या पडायला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३८० सेंमी कापड लागतं. १२० सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या घेतल्या तर ३६० होतात. तेवढ्यावर भागेल, पण तीन पट्ट्या दोन बाजूंना सारख्या वाटता येत नाहीत. म्हणजे चार घ्याव्या लागतात. त्यात अस्तर नाही, लांबी ठरावीक, दांडा वेगळा, तो बसवणारा माणूस वेगळा. दुकानाच्या आकड्यात बहुधा हे सगळं मिसळलेलं असतं. त्यामुळे काकांकडून एकच मोठा आकडा घेऊ नका. कापड, अस्तर, शिवणावळ, दांडा व ब्रॅकेट, आणि बसवण्याचा खर्च असे पाच आकडे वेगवेगळे मागा. मग शेजारी ऑनलाइनचे आकडे मांडा. कदाचित तरीही ऑनलाइन स्वस्त पडेल, आणि तसं असेल तर तिथून घेण्यात काहीच वाईट नाही.

सगळं एकाच ठिकाणाहून घ्यायचं, अशीही एक सवय आपल्याला असते. मी सामानाची वाटणी अशी करीन : जे कापून, शिवून, मापाला बसवून घ्यायचं आणि पुढे कधी उसवून दुरुस्त करून घ्यावं लागेल, ते जुन्या दुकानाकडे. पडदे आणि सोफ्याचं काम यात येतं. दोन सेंमीनं लांबी चुकली तर पडदा परत घेऊन दुरुस्त करून देणारा माणूस हवा, आणि पाच वर्षांनी बैठकीची चेन तुटली तर ती कुणी लावली हे माहीत असलेला माणूस हवा. चादरी-अभ्रे ठरलेल्या मापात येतात, ते कुठूनही घ्या. गालिच्याचं म्हणाल तर जिथे तो जमिनीवर पूर्ण पसरून बघता येईल, तिथून.

आता पडद्यांकडे वळू, कारण सर्वांत जास्त गफलती तिथेच होतात.

माप खिडकीचं घेऊ नका, दांड्याचं घ्या. दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंमी जास्त असावा, म्हणजे पडदा उघडल्यावर काच झाकली जात नाही. उंचीला चौकटीच्या वर १० ते १५ सेंमी. जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर खाली एक-दीड सेंमी मोकळं सोडा. मोजायला शिवणकामाची कापडी टेप वापरू नका, ती वापरून ताणली जाते. लोखंडी टेप घ्या. आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी तीनदा मोजा. जमीन किंवा छत अगदी समपातळीत क्वचितच असतं. तिन्हींत फरक निघाला तर सर्वांत लहान माप धरा. दांडा दीड-पावणेदोन मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये एक ब्रॅकेट लागतंच, नाहीतर जड कापडानं तो वाकतो.

मग कापड किती लागेल? हा हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे दुकानात सांगितलेला आकडा तुम्हाला पडताळता येईल. वरचाच १९० सेंमीचा दांडा घेऊ. तयार पडद्याची लांबी २२५ सेंमी हवी आहे. कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, १३७ सेंमी आहे. ३८० ला १३७ नं भागलं की पावणेतीनच्या थोडं वर येतं, म्हणजे तीन पन्हे. प्रत्येक बाजूला दीड पन्हा. बाजूच्या दुमडी आणि जोड वजा जाता साधारण ३९० सेंमी रुंदी हाती राहते, म्हणजे दुपटीला पुरेशी. अर्धा पन्हा नेहमी भिंतीच्या बाजूला ठेवायला सांगा आणि पूर्ण पन्हा मधल्या बाजूला. जोड मग चुण्यांत लपतो.

लांबीत वरची दुमड १५ आणि खालची २० सेंमी धरली तर २६० होतात. सुती कापड आटण्यासाठी ५ टक्के धरा : २७३ सेंमी. साधं कापड असेल तर तीन पन्ह्यांचे ८१९ सेंमी, म्हणजे सव्वाआठ मीटर. पण कापडावर मोठी नक्षी असेल तर हिशेब बदलतो. नक्षी दर ६४ सेंमीनंतर पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पन्हा नक्षीच्या त्याच जागेपासून कापावा लागतो. २७३ मध्ये ६४ चार वेळा पूर्ण बसून वर थोडं उरतं, म्हणून पाच वेळा धरायचं : ३२० सेंमी. तीन पन्ह्यांचे ९ मीटर ६० सेंमी झाले. एका खिडकीमागे जवळपास दीड मीटर जादा! नक्षी दर ३२ सेंमीला येत असती, तर हेच काम ८ मीटर ६४ सेंमीत झालं असतं. म्हणून मोठ्या नक्षीचं कापड आवडलं की दराच्या आधी ‘नक्षी किती सेंमीनंतर परत येते?’ हे विचारा. दोन कापडांचा मीटरचा दर एकच असतो आणि पडद्याचा खर्च मात्र बराच वेगळा निघतो, त्याचं कारण हेच.

दुप्पट हे प्रमाण रिंगवाल्या पडद्यांचं आणि मध्यम जाडीच्या कापडाचं. वर चुण्या शिवलेल्या पडद्याला दुप्पट ते अडीचपट लागतं. जाळीदार, पारदर्शक कापडाला अडीच ते तीनपट, नाहीतर ते ताणून बसवलेल्या मच्छरदाणीसारखं दिसतं. खर्च वाचवायला रुंदी कमी करण्यापेक्षा कापड हलकं निवडा आणि घेर पुरेसा ठेवा. महागडं कापड दीडपटीत शिवलं, तर पडदा ओढल्यावर ते सपाट, गरीब दिसतं.

रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येतच हव्यात. विषम झाल्या की एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे बाहेर येते. वरच्या उदाहरणात एका बाजूच्या पडद्याला १२ रिंगा बसतात, दोन रिंगांत साधारण १६ सेंमी अंतर. दांड्याची जाडी रिंगेच्या आतल्या व्यासापेक्षा सेंटिमीटरभर तरी कमी असू द्या, नाहीतर पडदा सरकताना अडकतो.

आता तुमच्या चार बोटांविषयी. न आटवलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटणं अगदी नेहमीचं आहे. सैल विणीचं लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, कापड त्याहून जास्तही आटू शकतं. २२० सेंमीचा पडदा साडेतीन टक्के आटला की पावणेआठ सेंमी वर जातो. झाली तुमची चार बोटं! विणताना आणि रंगवताना उभे धागे ओढून ताणलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो, म्हणून रुंदीपेक्षा लांबी जास्त कमी होते. पॉलिएस्टर जवळपास आटत नाही. मिश्र कापड प्रमाणावर अवलंबून.

हे घरी तपासता येतं. निदान ३० सेंमी चौकोनाचा नमुना घ्या, त्यावर रंगीत दोऱ्यानं बरोबर २० सेंमीचा चौकोन टाका घालून आखा, आणि पुढे पडदे जसे धुणार तसाच धुवा. यंत्रात धुणार असाल तर यंत्रात, कोमट पाण्यात धुणार असाल तर कोमट पाण्यात. वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजा. २० चे १९ झाले असतील तर ५ टक्के, म्हणजे २२५ सेंमीच्या पडद्यात ११ सेंमी. मग दोनच मार्ग आहेत : सगळं कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यायचं, किंवा तेवढी लांबी खालच्या दुमडीत राखून ठेवायची आणि पहिल्या धुण्यानंतर उसवून पुन्हा शिवायची. मी पहिला सुचवीन. अस्तर लावणार असाल तर तो एकच मार्ग उरतो, कारण कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं की पडद्याला झोळ येतो आणि तो इस्त्रीनं जात नाही. अस्तरही आधी धुवा. मात्र अंधार करणारं, मागून लेप दिलेलं अस्तर धुऊ नका, गरम इस्त्रीही लावू नका. लेपाला तडे जातात आणि त्यातून प्रकाश दिसतो. अशा पडद्यांना आणि मखमलीला ड्रायक्लीनिंग किंवा नुसतं ब्रशनं झाडणं, हे घेतानाच ठरवून टाका.

ऊन थेट येत असेल तर रेशमी कापड अस्तराशिवाय लावू नका. उन्हानं रेशमाचे धागे कुजतात, आणि दोन-चार वर्षांत पडदा घडीवर फाटू लागतो. गडद, भडक रंगही उन्हात लवकर विटतात. कापडाच्या माहितीपत्रकावर प्रकाशाला रंग किती टिकतो याचा आकडा असतो, १ ते ८ अशा मापात. उन्हाच्या खिडकीसाठी ५ किंवा वर बघा.

न जुळलेल्या रंगाची गोष्ट दुकानाच्या हातातली नसते, पण सांगण्यासारखी जरूर असते. कापड रंगवलं जातं ते घाण्याघाण्यानं, आणि दोन घाण्यांत छटेचा फरक पडतोच. शेजारी-शेजारी टांगल्यावर तो डोळ्यांत भरतो. त्यामुळे एका खोलीचं सगळं कापड एकाच ताग्यातून, निदान एकाच रंगाच्या घाण्यातून घ्या. ताग्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर क्रमांक असतो, तो पावतीवर उतरवून घ्या. एका ताग्यात पुरेसं नसेल, तर दोन तागे वेगळ्या खोल्यांना वापरा, एका खिडकीच्या दोन बाजूंना कधीही नाही. आणि सोफ्याच्या उशांसाठी, पुढेमागे दुरुस्तीसाठी अर्धा-पाऊण मीटर जास्त आत्ताच घ्या.

जुन्या दुकानात आणखी एक बघायचं : तागा पुष्कळ दिवस घडीत राहिला असेल तर घडीच्या रेघेवर रंग उतरलेला असतो, आणि दर्शनी काचेतल्या ताग्याची बाहेरची बाजू विटलेली असते. वरचे दोन वार बघून ठरवू नका. तागा पूर्ण उलगडायला सांगा आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा. सवलतीत दिलेलं कापड असेल तर हे दुप्पट काळजीनं करा.

रंगाची निवड मात्र दुकानात करूच नका. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली जुळणारी दोन कापडं घरच्या पिवळसर दिव्याखाली वेगळी दिसू शकतात. रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं. नमुना घरी न्या. पडद्याचा असेल तर खिडकीत लटकवून बघा, कारण मागून उजेड आला की कापडाचा रंग बदलतो आणि वीणही उघडी पडते. सोफ्याचा असेल तर बैठकीवर आडवा पसरा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. इथे जुन्या दुकानाचा मोठा फायदा आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला नमुन्यांचं अख्खं पुस्तक, कधी कधी मीटर-दोन मीटरचा तुकडाही, दोन दिवस घरी नेऊ देतात. ओळख वापरायची ती अशा ठिकाणी.

आता सोफा. काही खर्च करण्याआधी सांगाडा तपासा. पुढचा एक पाय जमिनीपासून १५ सेंमी उचला. दुसरा पुढचा पाय तोवर उचलला गेला नसेल, तर सांगाडा पिळवटतो आहे, म्हणजे सांधे ढिले आहेत. खालचं कापड थोडं उसवून आत पाहा : पट्टे सैल झालेत का, स्प्रिंगा सुटल्यात का, कोपऱ्यांना लाकडी ठोकळे आहेत का. भुशाच्या फळीचा सांगाडा स्क्रूच्या जागी भुगा होत असेल, तर त्यावर नवं कापड चढवण्यात अर्थ नाही. लाकूड पक्कं असेल तर जुना सोफा नव्यानं भरून घेणं बहुतेक वेळा चांगलं ठरतं.

फोम निवडताना आपण दाबून बघतो, आणि फसगत होते ती तिथेच. दाबल्यावर कळतो तो कडकपणा. टिकाऊपणा कळतो घनतेवरून, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलक्या घनतेचा फोमही कडक बनवता येतो. दुकानात तो दणदणीत वाटतो आणि वर्षभरात बसतो. रोज बसण्याच्या जागेला दर घनमीटर ३२ ते ४० किलो घनता हवी. पाठीला २० ते २८ चालते, कारण तिथे भार कमी. आकड्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर वजन करा. ६० बाय ६० सेंमीची, साडेबारा सेंमी जाडीची गादी ४० घनतेची असेल तर वजन १ किलो ८०० ग्रॅम भरायला हवं. ३२ ची असेल तर १ किलो ४४० ग्रॅम. वजन ९०० ग्रॅमच भरलं तर घनता २० आहे, कुणी काहीही सांगो. मात्र उलटही लक्षात घ्या : वजन वाढवायला फोममध्ये भुकटी मिसळलेली असू शकते. तुकड्याची कड चोळली आणि पांढरी पूड हाताला लागली, तर तो घेऊ नका. तुकडे चिकटवून केलेला फोम फार जड आणि कडक असतो. तो तळाला थर म्हणून ठीक, एकटा बसायला नको.

फोम खोळीपेक्षा दोन्ही दिशांना एक-दीड सेंमी मोठा कापायला सांगा आणि वर पॉलिएस्टरच्या पिंजलेल्या कापसाचा थर घालायला सांगा. खोळीच्या बरोबर मापाचा फोम काही महिन्यांत दबून वरचं कापड सैल पडतं, आणि आपण दोष कापडाला देतो.

सोफ्याच्या कापडासाठी घासण्याच्या चाचणीचा आकडा विचारा. त्याला मार्टिनडेल म्हणतात. रोजच्या वापराला २०,००० ते २५,००० फेऱ्या पुरतात. लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर ३०,००० च्या वर जा. ‘डबल रब’ असा आकडा दिसला तर ती वेगळी चाचणी असते, दोन्हींची थेट तुलना होत नाही. आकडाच मिळाला नाही तर हातानं दोन परीक्षा करा. कापडाचा तुकडा दुमडून शिवा आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंनी जोरात ओढा. शिवणीशी धागे सरकून फटी दिसल्या, तर हे कापड बैठकीवर टिकणार नाही, कितीही जाड असो. दुसरी, ओलसर पांढरं फडकं दहा-बारा वेळा घासा; रंग उतरला तर फिक्या कपड्यांवरही उतरेल. मखमलीसारखी लव असलेलं कापड घेत असाल तर सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापायला बजावा. एक तुकडा उलटा लागला की तो वेगळ्याच रंगाचा दिसतो.

गालिच्याचं माप घरी जमिनीवर चिकटपट्टीनं आखून बघा. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यावेत आणि दोन्ही बाजूंना तो सोफ्यापेक्षा १५-२० सेंमी बाहेर असावा. दार गालिच्यावरून उघडत असेल तर दाराखालची फट आधी मोजा. गुळगुळीत फरशीवर खाली न घसरणारी जाळी घाला, गालिच्यापेक्षा प्रत्येक बाजूनं दोन-तीन सेंमी आत. दमट खोलीत ताग नको. लोकरीच्या नव्या गालिच्यातून पहिले काही महिने धागे सुटतात, तो दोष नव्हे. चादरींचं एवढंच सांगते : गादीची जाडी मोजून न्या, आणि धाग्यांच्या संख्येचे फार मोठे आकडे बघून भुलू नका. दोनशे ते चारशेच्या दरम्यान चांगली सुती चादर मिळते; त्यापुढचे आकडे पुष्कळदा पीळ दिलेल्या धाग्याचे पदर वेगवेगळे मोजून फुगवलेले असतात.

काकांशी बोलणं कसं सुरू करायचं, हा तुमचा खरा अडसर आहे असं मला वाटतं. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी जा, कामाच्या दिवशी, दुकान उघडल्यावर लगेच. मागची तक्रार टाळू नका, पण ती प्रश्नाच्या रूपात मांडा : ‘काका, मागचे पडदे धुतल्यावर आखडले. या वेळी कापड आधी धुऊन घेऊया का?’ आणि मग, ‘मी मापं लिहून आणली आहेत. ती आणि ताग्याचा क्रमांक तेवढा पावतीवर टाकाल?’ ते म्हणतील, ‘अगं, आपल्यात कशाला लिहायचं?’ तर सांगा की तुमच्यासाठी नाही, शिंप्यासाठी आणि बसवायला येणाऱ्या माणसासाठी. हे खरंही आहे. काका जे तोंडी ऐकतात ते पुढे दोन-तीन हातांतून जातं, आणि इंच-सेंटिमीटरची गल्लत तिथेच होते. तरीही त्यांनी टाळलं, तर घरी येऊन सगळं मोबाईलवर मुद्देसूद लिहून त्यांना पाठवा आणि ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर मागा. त्यानंतरच आगाऊ रक्कम द्या.

त्या कागदावर एवढं हवं : कापडाचं नाव व ताग्याचा क्रमांक, एकूण मीटर, पन्हा, आधी धुणार की नाही, प्रत्येक खिडकीची तयार लांबी-रुंदी, वरची व खालची दुमड, रिंगांची संख्या, फोमची घनता व जाडी, काम देण्याची तारीख, आणि माप चुकलं तर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं. मापं त्यांच्या माणसानं घेतली असतील तर जबाबदारी त्यांची, तुम्ही दिली असतील तर तुमची. म्हणून शक्य असेल तर त्यांच्याच माणसाला बोलवा आणि तुमची मापं पडताळणीसाठी जवळ ठेवा.

फोमची घनता सांगता येत नाही असं ते म्हणाले, तर फोम दुसरीकडून आणून द्या आणि शिवणकाम त्यांच्याकडे राहू द्या. नमुना घरी नेऊ देत नसतील किंवा तागा उलगडायला नाखूश असतील, तर ते कापड तिथून घेऊ नका. आईलाही हे असंच सांगता येईल. त्यांचा जीव त्या माणसांत आहे, प्रत्येक चादर तिथूनच यावी असा त्यांचा हट्ट असेल असं मला वाटत नाही. कापड निवडायला त्यांना बरोबर न्या. हातात घेऊन वीण ओळखण्याची नजर त्यांची तुमच्यापेक्षा जास्त तयार असणार. मापांचा कागद तुमच्या हातात ठेवा. एकदम सगळ्या घराची ऑर्डर देऊ नका. एका खोलीच्या पडद्यांनी सुरुवात करा. पण तेच कापड दुसऱ्या खोलीतही हवं असेल तर पूर्ण कापड आत्ताच, एकाच ताग्यातून घेऊन ठेवा आणि शिवायला मागाहून द्या.

पडदे बसवायला येतील तेव्हा उरलेली रक्कम देण्याआधी दहा मिनिटं घ्या. दोन्ही पडदे ओढून मधल्या कडा जुळवा : नक्षी एका रेषेत आहे का, खालची कड जमिनीपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का. रिंगा मोजा. खालची दुमड आतून बघा, ठरल्याएवढी आहे का. बैठकीची खोळ चेन उघडून आतला फोम बघा, ठरलेला आहे का. आणि उरलेलं कापड मागून घ्या, लहान तुकडेसुद्धा; एका तुकड्यावर ताग्याचा क्रमांक आणि धुण्याची पद्धत लिहून तो पावतीबरोबर ठेवा.